ग्दान्स्कला वळसा: ग्दिनिया बंदराचे प्रकरण

हाताशी चांगले चालते बंदर असताना त्याच उपसागरात, जेमतेम वीस किलोमीटरवर, कोळ्यांच्या गावात दुसरे बंदर बांधायला काढायचे; तेही तिजोरी रिकामी असताना आणि पूर्व सीमेवर युद्ध पेटलेले असताना. असा प्रस्ताव आज कुठल्याही नियोजन खात्यापुढे ठेवला तर फाइल दुसऱ्या दिवशी परत येईल. १९२० साली पोलंडने तो उचलून धरला. पुढच्या दोन दशकांच्या आतच त्या गावाचे सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे शहर झाले आणि बाल्टिक समुद्रावरच्या मोठ्या बंदरांत त्याचे नाव घेतले जाऊ लागले.

पोलंडमध्ये ही हकिकत राष्ट्रीय जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द होतीच. पण नुसत्या जिद्दीवर बंदर चालत नाही, त्याला माल लागतो. ग्दिनियाला तो कुठून मिळाला, त्याचे पैसे कोणाच्या खिशातून गेले आणि शेजारच्या ग्दान्स्कचे त्यात काय झाले, हे पाहिल्याशिवाय या निर्णयाची पारख होत नाही.

अडत्यांचे शहर

पोलंडचा बराचसा पसारा विस्तुला नदीच्या खोऱ्यात आहे आणि नदीच्या मुखाशी ग्दान्स्क. जर्मन लोक त्याला डान्झिग म्हणत. सोळाव्या-सतराव्या शतकात पोलिश जमीनदारांचा गहू आणि राय होड्यांतून, तराफ्यांवरून नदीने खाली यायचा, ग्दान्स्कच्या कोठारांत भरला जायचा आणि तिथून डच जहाजांत चढायचा. १६१८ सारख्या भरभराटीच्या वर्षी दोन लाख टनांहून जास्त धान्य या एका बंदरातून बाहेर पडले. शहर हॅन्सा या व्यापारी संघाचे सभासद, बोली जर्मन, पुढे धर्म लुथरन. १४५४ पासून निष्ठा मात्र पोलंडच्या राजाशी. राजा दूर होता आणि कर माफक घ्यायचा, म्हणून ती निष्ठा टिकली.

ग्दान्स्कचा खरा पैसा अडतीत होता. बाहेरच्या व्यापाऱ्याने बाहेरच्याशी तिथे परस्पर सौदा करायचा नाही, मध्ये ग्दान्स्कचा नागरिक हवाच, असा शहराचा जुना हक्क होता. जमीनदार कुरकुरत, पण दुसरी वाट नव्हती. एका राजाने ती काढून पाहिली. स्टेफान बातोरी गादीवर आला तेव्हा ग्दान्स्कने त्याला मानायला नकार दिला. १५७७ साली त्याने शहराला वेढा घातला आणि परदेशी व्यापार शेजारच्या एल्ब्लाँग बंदराकडे वळवला. वेढ्यातून शहर काही पडले नाही. शेवटी दंड भरून, माफी मागून ग्दान्स्कने आपले बहुतेक हक्क राखले. इंग्रज व्यापाऱ्यांनी काही वर्षे एल्ब्लाँगमध्ये बस्तान मांडले खरे, पण धान्य पुन्हा ग्दान्स्कच्याच वाटेला लागले. नदी त्याच्याच दारात उतरत होती.

१७९३ मध्ये पोलंडच्या दुसऱ्या फाळणीत ग्दान्स्क प्रशियाकडे गेले आणि दोन वर्षांनी पोलंडच नकाशावरून पुसला गेला. १९१८ साली देश परत उभा राहिला तेव्हा एल्ब्लाँगही जर्मनीतच होते.

किनारा मिळाला, बंदर नाही

व्हर्सायच्या तहाने पोलंडला समुद्र दिला, पण कसा? समुद्रात शिरलेला हेलचा लांबट वाळूचा दांडा दोन्ही बाजूंनी मोजला तर सुमारे १४० किलोमीटरचा किनारा. त्यावर वाळू, कोळीवस्त्या आणि पुत्स्क नावाचे उथळ पाण्याचे छोटे गाव. ग्दान्स्क पोलंडला मिळाले नाही आणि जर्मनीकडेही राहिले नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक जर्मन भाषक, म्हणून ते राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचे 'मुक्त शहर' ठरले. बंदराचा कारभार एका मंडळाकडे गेला. त्यात पोलंडचे आणि शहराचे सारखे प्रतिनिधी होते आणि अध्यक्ष स्विस. कागदोपत्री पोलंडला बंदराचा पूर्ण वापर करायची मुभा होती.

तो कागद किती टिकतो हे १९२० च्या उन्हाळ्यात कळले. लाल सेना वॉर्साच्या दिशेने सरकत होती. पोलिश सैन्यासाठी दारूगोळा घेऊन जहाजे ग्दान्स्कला लागत होती आणि तिथल्या गोदी कामगारांनी तो उतरवायला नकार दिला. त्यात डाव्या विचारांच्या कामगारांची सोव्हिएत रशियाबद्दलची आपुलकी होती, तशीच जर्मनांची पोलंडवरची खुन्नसही होती. राजधानी पडायची वेळ आली असताना आपल्याच गोळ्या आपल्याला मिळत नाहीत, हा धडा वॉर्सातले कोणतेही सरकार नंतर विसरले नाही.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. इंजिनिअर तादेउश वेंडा यांना जागा शोधायला किनाऱ्यावर पाठवले गेले ते त्याच वर्षी, आणि नौदलाची निकड मुळातच होती. व्हाइस अॅडमिरल काझिमिएश पोरेंब्स्की यांना लढाऊ जहाजे ठेवायला जागा हवी होती. दारूगोळ्याच्या प्रसंगाने एवढेच झाले की नौदलाच्या मागणीला संसदेत बळ आले. २३ सप्टेंबर १९२२ रोजी ग्दिनियाला बंदर बांधण्याचा कायदा झाला.

वेंडांची निवड

वेंडा तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते आणि रशियन साम्राज्याच्या नोकरीत त्यांनी बंदरे बांधलेली होती. त्यांनी किनारा पालथा घातला आणि ग्दिनिया गाव व ओक्सिव्ये टेकडी यांच्यामधल्या दलदलीच्या सखल पट्ट्यावर बोट ठेवले. ग्दान्स्कच्या नव्या बंदरापासून ही जागा १६ किलोमीटरवर होती. त्यांची कारणे वाचली की माणूस किती चोख होता ते कळते. हेलचा दांडा उघड्या समुद्राच्या लाटा अडवतो. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांमुळे वारा कमी. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल पाणी. नांगर धरायला तळ चांगला. मागे रेल्वेचे स्टेशन आधीपासून आहे. आणि आतला सखल पट्टा पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ थराचा. ड्रेजरने तो सहज उपसता येतो, म्हणून जमिनीत आत शिरणाऱ्या गोद्या कमी खर्चात खणता येतील.

बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, हीही एक सोय. मुंबईच्या इंदिरा गोदीत पाण्याची पातळी राखायला दरवाजे घालावे लागले, तसे इथे काही लागणार नव्हते.

सुरुवात मात्र अगदी गरिबीतली. १९२१ च्या आसपास गावात तेराशेच्या घरात लोक राहत, बहुतेक काशुबियन. हा या किनाऱ्यावरचा स्वतःची स्लाव्ह बोली असलेला समाज. त्यांच्या पुळणीवर लाकडी खांब ठोकून ५५० मीटर लांबीचा धक्का उभा केला गेला. २९ एप्रिल १९२३ रोजी राष्ट्राध्यक्षांनी त्याचे उद्घाटन केले तेव्हा त्याचे अधिकृत नाव होते 'तात्पुरते लष्करी बंदर आणि कोळ्यांचा निवारा'. त्याच वर्षी १३ ऑगस्टला 'केंटकी' हे फ्रेंच जहाज तिथे आले, ग्दिनियाला लागलेले पहिले महासागरी जहाज. फ्रान्समध्ये मजुरीला निघालेले पोलिश लोक घ्यायला ते आले होते. नव्या बंदरातून पहिल्यांदा बाहेर गेली ती माणसेच, हे पोलंडच्या तेव्हाच्या अवस्थेला साजेसेच होते.

खरे बांधकाम १९२४ च्या करारानंतरचे. जुलैमध्ये फ्रेंच-पोलिश कंपन्यांच्या गटाला काम दिले गेले. त्यात फ्रान्सची श्नायडर होती, समुद्रातले काम डेन्मार्कच्या हॉयगार्ड आणि शुल्त्स या कंपनीकडे होते आणि उद्दिष्ट होते वर्षाला २५ लाख टनांच्या क्षमतेचे बंदर. धक्के बांधायची रीत पाहण्यासारखी होती. किनाऱ्यावर काँक्रीटच्या प्रचंड पोकळ पेट्या ओतायच्या. त्या पाण्यात ढकलल्या की तरंगतात. टग बोटीने ओढत नेऊन, आधी सपाट करून ठेवलेल्या तळावर नेमक्या जागी आणायच्या, आत पाणी सोडून बुडवायच्या आणि मग वाळूने भरायच्या. एकीला लागून दुसरी, तिसरी अशी रांग लागली की भिंत झाली. वरून काँक्रीटचा थर दिला की धक्का तयार. उपसलेला गाळ आणि वाळू भिंतीमागे टाकून नवी जमीन. मूळ पुळण कुठे होती, ते आज बंदराच्या नकाशावर सांगावे लागते.

पण १९२५ उजाडले तरी पैसा थेंबाथेंबाने येत होता आणि काम रखडले होते. चलन नुकतेच बदललेले, अंदाजपत्रक फाटके. हे प्रकरण इथेच संपले असते तर आज ग्दिनियाला लाकडी धक्क्याचे अवशेष आणि एक बरे मासेमारी बंदर दिसले असते.

कोळशाने तारले

जून १९२५ मध्ये जर्मनीने पोलिश कोळशाला दार बंद केले. जर्मनी आणि पोलंड यांच्यात अप्पर सायलीशिया प्रांताची वाटणी झाल्यानंतर तिथल्या खाणींचा मोठा हिस्सा पोलंडकडे आला होता आणि तीन वर्षांच्या करारानुसार जर्मनी महिन्याला सुमारे पाच लाख टन कोळसा जकातीविना घेत होता. मुदत संपली, जर्मनीने करार वाढवला नाही, जकातयुद्ध सुरू झाले. पोलंडचा कोळसा सडकेवर आला.

दहा महिन्यांनी, मे १९२६ मध्ये, ब्रिटनच्या खाणकामगारांचा संप सुरू झाला आणि हिवाळा तोंडावर येईपर्यंत चालला. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे हे ब्रिटिश कोळशाचे हक्काचे ग्राहक. त्यांना भट्ट्या पेटत्या ठेवायच्या होत्या आणि कोळसा मिळेना. पोलंडकडे कोळसा पडून होता आणि गिऱ्हाईक समुद्रापलीकडे होते. सायलीशियातून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर रेल्वेने आणून तो जहाजात भरायचा. पण भरणार कुठे? ग्दान्स्कचे धक्के तुंबले. ग्दिनियाचे अर्धवट धक्के अचानक सोन्याचे झाले.

नेमक्या याच वेळी, जून १९२६ मध्ये, एउगेनिउश क्वियातकोव्स्की व्यापार-उद्योग मंत्री झाले. लष्करी नेते पिल्सुद्स्की यांच्या मे महिन्यातल्या सत्तापालटानंतरचे हे मंत्रिमंडळ. क्वियातकोव्स्की रसायन अभियंते, राजकारणात नवखे, पण आकड्यांशी दोस्ती. त्यांनी बंदर बांधणाऱ्यांशी नवा करार केला, रक्कम वाढवली, कामाला वेग दिला आणि सरकारी जहाज कंपनी काढली. कोळशाची वाहतूक ग्दान्स्कच्या हद्दीतून जाऊ नये म्हणून बिदगोश्चमार्गे थेट ग्दिनियाला जाणारा लोहमार्ग हाती घेतला गेला. फ्रेंच भांडवल आणून १९३३ मध्ये तो पूर्ण झाला. माझ्या मते निर्णायक ठरले ते हेच. बंदर नुसते किनाऱ्यावर असून भागत नाही. खाणीपासून जहाजापर्यंत मधे कोणाचाही हात न लागता माल जाणार असेल तरच ते आपले.

आता आकडे. १९२४ मध्ये ग्दिनियातून सुमारे दहा हजार टन माल गेला-आला. १९३० मध्ये ३६ लाख टन. १९३८ मध्ये ९० लाखांच्या आसपास.

देशभक्तीच्या हकिकतीत एक भाग सहसा वगळला जातो. ब्रिटनचा संप मिटला, ब्रिटिश कोळसा बाजारात परतला आणि पोलंडला मिळवलेली गिऱ्हाइके टिकवायची होती. त्यासाठी कोळसा तोट्यात विकला गेला. देशातल्या ग्राहकाकडून चढा भाव घ्यायचा, रेल्वेने निर्यातीच्या कोळशाला सवलतीचे भाडे लावायचे आणि स्टॉकहोमच्या गिऱ्हाइकाला स्वस्त द्यायचा, अशी ती रीत. म्हणजे ग्दिनियाच्या धक्क्यांचा खर्च क्राकोच्या किंवा वॉर्साच्या घरातली शेगडीही भरत होती. हे चूक होते असे मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या मर्जीवर जगण्यापेक्षा ही किंमत परवडली असेल. पण 'बंदराने स्वतःचा खर्च स्वतः काढला' हे मात्र खरे नाही.

पुढे कोळशाच्या जोडीला इतर माल आला: वूचच्या गिरण्यांसाठी कापूस, भात सडायची गिरणी, फळांची शीतगृहे, प्रवासी जहाजे. १९३५-३६ मध्ये इटलीच्या मोनफाल्कोने गोदीतून 'पिल्सुद्स्की' आणि 'बातोरी' ही दोन प्रवासी जहाजे आली. त्यांच्या किमतीचा मोठा भाग कोळशाने चुकता केला होता. ग्दान्स्कला वळसा घालू पाहणाऱ्या राजाचे नाव ग्दिनियाच्या जहाजाला मिळाले, हा योगायोग की मिश्किलपणा, कोण जाणे.

पेकिन आणि बुडापेस्ट

ग्दिनियाचा मधला भाग आजही पाहण्यासारखा आहे. पांढऱ्या, गोलाकार कोपऱ्यांच्या, जहाजासारख्या दिसणाऱ्या इमारती, १९३० च्या दशकातल्या आधुनिक शैलीच्या. पर्यटकांना त्या दाखवल्या जातात. १९२६ मध्ये शहराचा दर्जा मिळालेल्या या गावात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे कामाला आली आणि त्यांना राहायला घर नव्हते, हे इतक्या ठळकपणे दाखवले जात नाही.

टेकड्यांच्या उतारांवर, बंदराच्या मागे, झोपड्या उठल्या. लोकांनी त्या वस्त्यांना दूरदूरच्या शहरांची नावे दिली: पेकिन, बुडापेस्ट, मेक्सिको. फळ्या, पेटाऱ्यांचे लाकूड, वर डांबरी कागद. नळ नाही, गटार नाही. जमीन काशुबियन शेतकऱ्यांची, भाड्याने घेतलेली, घर मात्र राहणाऱ्याचे. जमिनीचे भाव कडाडले होते. कालपर्यंत बटाटे लावणारी काही कुटुंबे धनवान झाली, आणि बंदरावर दिवसभर कोळसा फावड्याने ओढणारा मजूर संध्याकाळी पेकिनला परतत होता. जहाज आले नाही तर त्या दिवसाची मजुरी नाही. बंदराचे आराखडे बारकाईने केले गेले, शहराचे कागदावर केले गेले, मजुरांच्या घरांचे जवळजवळ झालेच नाहीत. पेकिनमधली काही घरे एकविसाव्या शतकातही उभी होती आणि जमीनमालक विरुद्ध रहिवासी असे कज्जे चालू होते. या निर्णयाचे हे देणे कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हते.

ग्दान्स्कचे गाऱ्हाणे

ग्दान्स्कने राष्ट्रसंघाकडे तक्रार केली की पोलंडने आमच्या बंदराचा पूर्ण वापर करायचे कबूल केले होते आणि आता शेजारी बंदर काढून आमच्या पोटावर पाय देत आहे. यात तथ्य किती?

पहिल्या महायुद्धाआधी, १९१३ मध्ये, ग्दान्स्कची उलाढाल वीस लाख टनांच्या थोडी वर होती. १९२८ मध्ये ती ऐंशी लाखांच्या वर गेली. म्हणजे ग्दिनिया वाढत असताना ग्दान्स्कही चौपट झाले होते, आणि तेही पोलिश कोळशाच्याच जोरावर. बुडाल्याची ओरड म्हणून टिकत नाही. पण १९३० नंतर मंदी आली, माल आटला, तेव्हा पोलंडने कात्री ग्दान्स्कच्या वाट्याला लावली. १९३३ च्या सुमारास ग्दिनिया पुढे गेले. शिवाय किमती माल ग्दिनियाकडे आणि वजनाचा स्वस्त माल ग्दान्स्ककडे, अशी विभागणी होत गेली. टनांच्या आकड्यांत ती दिसत नाही, व्यापाऱ्याच्या वहीत दिसते. १९३३ मध्ये ग्दान्स्कच्या निवडणुकीत नाझी निवडून आले. ग्दिनियामुळे आले असे म्हणणे अतिशयोक्तीचे, पण 'पोलंड आपल्याला उपाशी मारतो' हे त्यांच्या सभांत सांगणे सोपे झाले होते.

नंतर काय झाले

युद्ध १ सप्टेंबर १९३९ रोजी ग्दान्स्कच्या वेस्टरप्लाटे या पोलिश ठाण्यावर डागलेल्या तोफांनी सुरू झाले. ग्दिनिया १४ सप्टेंबरला पडले. जर्मनांनी त्याचे नाव गोटेनहाफेन केले, हजारो पोलिश कुटुंबांना हातात मावेल तेवढे सामान घेऊन बाहेर काढले आणि बंदर नौदलाचा तळ झाले. जानेवारी १९४५ मध्ये निर्वासितांनी खच्चून भरलेले 'विल्हेल्म गुस्टलॉफ' इथूनच निघाले आणि सोव्हिएत पाणबुडीने बुडवले. जाता जाता जर्मनांनी 'ग्नाइझेनाऊ' ही युद्धनौका बंदराच्या तोंडात बुडवून वाट बंद केली. ती काढायला १९५१ उजाडले. क्वियातकोव्स्कींना नव्या सरकारने किनाऱ्याच्या पुनर्बांधणीसाठी बोलावले आणि १९४८ मध्ये घरी पाठवले. वेंडांचे निधनही त्याच वर्षी झाले.

आणि ज्याच्यामुळे हे सगळे केले ते ग्दान्स्क १९४५ मध्ये पोलंडकडे आले, श्चेचिन बंदरही आले, किनारा पाचशे किलोमीटरच्या घरात गेला. मूळ कारणच उरले नाही. तरी बंदर राहिले. शीतयुद्धात अमेरिकेच्या मार्गावरून काढून घेतलेले 'बातोरी' १९५१ पासून काही वर्षे ग्दिनियाहून सुएझमार्गे कराची आणि मुंबईला येत असे. इंग्लंडला निघालेल्या अनेक भारतीय प्रवाशांनी बॅलार्ड पिअरच्या काळात पाहिलेले पोलंड ते एवढेच.

१७ डिसेंबर १९७० ला, आदल्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवरून केलेल्या आवाहनानुसार कामावर परतणाऱ्या कामगारांवर ग्दिनियाच्या जहाजबांधणी कारखान्याच्या स्टेशनाजवळ सैनिकांनी गोळ्या झाडल्या. दहा वर्षांनी सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली ती ग्दान्स्कमध्ये, पण तिच्या मागण्यांत १९७० च्या मृतांचे स्मारक पहिल्यापासून होते.

आज तराजू पुन्हा फिरला आहे. ग्दान्स्कला समुद्रात पुढे सरकून खोल पाण्याचे धक्के बांधता आले, मोठी कंटेनर जहाजे थेट आशियातून तिथे येतात आणि २०२३ मध्ये तिथली उलाढाल आठ कोटी टनांवर गेली. ग्दिनिया तीन कोटींच्या आत. एके काळी सोय असलेल्या आतल्या गोद्या आता शहराच्या कुशीत अडकल्या आहेत. २०२२ मध्ये रशियन कोळशावर बंदी घातल्यावर याच किनाऱ्यावर कोलंबिया, दक्षिण आफ्रिकेचा कोळसा उतरला आणि निर्यातीसाठी बांधलेल्या लोहमार्गांवरून तो दक्षिणेकडे गेला. स्वतःच्या मालकीचे बंदर असण्याचा फायदा तेव्हा मोजायला मिळाला, फक्त दिशा उलटी होती.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला पोलंडने विस्तुला खाडीच्या वाळूच्या दांड्यातून नवा कालवा खुला केला. कारण तेच, दुसऱ्याच्या दारातून जायला नको; या वेळी दार रशियाचे, कारण खाडीतून समुद्रात जायची जुनी वाट त्याच्या हद्दीत आहे. खर्च सुमारे दोन अब्ज झ्लॉटी. पलीकडचे बंदर आहे एल्ब्लाँग, स्टेफान बातोरीने ज्याच्याकडे व्यापार वळवला होता तेच. पण क्वियातकोव्स्कींच्या मागे सायलीशियाचा कोळसा होता. एल्ब्लाँगच्या मागे तेवढे काही नाही, आणि बंदराच्या धक्क्यापर्यंतचे शेवटचे नऊशे मीटर कोणी खोल करायचे यावर सरकार आणि नगरपालिका यांचा वाद कालवा खुला झाल्यानंतरही चालू राहिला.